भाड्याच्या घराचीं कागदपत्रें

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं घर म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः उभारलेलें घर, हें गृहीतच होतें. पुढें शहरें वाढलीं, गांवचीं माणसें पोटासाठीं शहरांत आलीं, आणि बहुसंख्य संसार दुसऱ्याच्या छपराखालीं सुरू झाले. या शहरवासीयांना जुन्या म्हणींत कांहीं भर घालावीशी वाटली, तर ‘घर पहावें भाड्यानें घेऊन’ अशीच ती घालावी लागेल. घर बांधणाऱ्याला चुना, विटा आणि लांकूड जमवावें लागतें. भाड्यानें घेणाऱ्याला कागद जमवावे लागतात.

आज मुंबईंत किंवा पुण्यांत दोन खोल्यांची जागा भाड्यानें घ्यावयाची म्हटली, तर कुटुंबास एक लहानसें पुडकेंच तयार करावें लागतें. आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्रें, नोकरीच्या ठिकाणचें पत्र, मागील महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या खात्याचा उतारा, गांवच्या कायम पत्त्याचा पुरावा, पोलीस ठाण्यास द्यावयाची माहिती, आणि या सर्वांच्या शिरोभागीं मुद्रांक भरून नोंदविलेला करार. नव्या पिढीच्या मनाची अशी समजूत होते कीं, हा सारा व्याप संगणकाच्या युगानें निर्माण केला. पण या पुडक्यांतील बहुतेक कागदांचें मूळ शोधूं लागल्यास आपण शंभर-सव्वाशें वर्षें मागें जातों. बहुतेक प्रत्येक कागद एखाद्या जुन्या तंट्यांतून जन्मास आलेला आहे, आणि त्या तंट्यांत कोणाचें तरी छप्पर जाण्याची वेळ आलेली होती. मुंबई शहरापुरती ही हकीकत पाहिली तरी ती पुरेशी बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोंकणांतून व घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. गिरणगांवांत चाळीमागून चाळ उठली. त्या काळीं खोली मिळविण्यास लागे ती ओळख. गांवचा कोणी आधीं येऊन राहिलेला असे. त्याच्या शब्दावर नव्या माणसास जागा मिळे. एका गांवच्या मंडळींनीं मिळून एक खोली घ्यावी, भाडें वांटून द्यावें, जेवण खानावळींत घ्यावें, आणि रात्रपाळीचा माणूस कामावर गेला म्हणजे त्याच्या जागीं दिवसपाळीच्या माणसानें पथारी टाकावी, असा क्रम होता. गोव्याहून आलेल्या खलाशांनीं आणि आचाऱ्यांनीं आपापल्या गांवांच्या नांवानें ‘कूड’ स्थापिले. तेथें अमुक गांवचा असणें हीच प्रवेशाची मुख्य अट होती. महिना भरला म्हणजे चाळमालकाचा मेहता येई, रक्कम मोजून घेई आणि वहींत टिपून ठेवी. भाडेकरूच्या हातीं बहुधा कांहींच येत नसे. म्हणजे कागद होता, पण तो एकाच बाजूचा होता. आणि एका बाजूचा कागद तंट्याच्या वेळीं त्याच बाजूची साक्ष देतो.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेगचा रोग आढळला. डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें त्याचें निदान केलें. हजारों लोक शहर सोडून गेले. दाट वस्ती आणि कोंदट खोल्या यांकडे सरकारचें लक्ष वळलें व १८९८ सालीं ‘बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. तिनें रस्ते रुंद केले, जुनीं घरें पाडलीं आणि कांहीं नव्या चाळी बांधल्या. पुढें १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघालें. त्याच्या आद्याक्षरांवरून आजहि ‘बी. डी. डी. चाळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०७ इमारती वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें उभ्या राहिल्या. सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली हें तेथील एका कुटुंबाचें घर. खाजगी मालकाच्या मेहत्याऐवजीं आतां सार्वजनिक खात्याचा कारकून आला, आणि त्याच्याबरोबर भाडेकरूचें नांव असलेली रीतसर नोंद आली. गिरणी-कामगाराच्या आयुष्यांत आपलें नांव आणि आपली खोली एकाच ओळींत छापील कागदावर येणें ही नवी गोष्ट होती.

परंतु नोंदवहींत कोणतें नांव लिहिलें जातें, यावर छप्पर मिळणें किंवा न मिळणें अवलंबून असे, ही गोष्ट त्याच काळांतील एका प्रसंगानें स्पष्ट होते. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतील शिक्षण घेऊन परतले आणि करारानुसार बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू होण्यासाठीं बडोद्यास गेले. विद्येचीं प्रमाणपत्रें त्यांच्यापाशीं होतीं, संस्थानची नोकरी होती, भाडें देण्याची ऐपत होती. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या खाणावळींत जागा मिळणार नाहीं हें जाणून ते एका पारशी सराईंत गेले. ती सराई केवळ पारशांसाठीं होती. रखवालदारानें दिवसाचे दीड रुपया घेऊन त्यांना ठेवून घेण्याचें कबूल केलें, पण नोंदवहींत पारशी नांव लिहावें लागलें. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेले लोक दारांत आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगण्यांत आलें. ज्या दोन परिचितांकडे आसरा मागितला त्या दोघांनींहि आपली अडचण पुढें केली. शेवटीं कामाठी बागेंत वेळ काढून रात्रीच्या गाडीनें त्यांना मुंबईस परतावें लागलें. भाड्याच्या घराचीं कागदपत्रें हा विषय केवळ कारकुनीचा नव्हे, याची ही सर्वांत कडवट साक्ष होय. कागद परिपूर्ण असूनहि दार बंद राहूं शकतें.

आतां कायद्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत बांधकाम थंडावलें, माणसें मात्र वाढत राहिलीं, आणि मालकांनीं भाडीं चढविलीं. तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचे पहिले कायदे झाले. त्यांत ‘प्रमाण भाडें’ ही कल्पना आली. १ जानेवारी १९१६ या दिवशीं जागेचें जें भाडें होतें तें प्रमाण मानावें, असें कायद्यानें ठरविलें. वरवर पाहतां ही साधी तरतूद; पण तिचा परिणाम दूरगामी झाला. त्या ठराविक दिवशीं भाडें किती होतें हें सिद्ध कसें करावयाचें? मालकाची वही मालकाच्या पेटींत. ज्या भाडेकरूनें त्या महिन्याची चिठ्ठी योगायोगानें जपून ठेवली असेल, त्याच्या हातीं एकाएकीं मोलाची वस्तु आली. ज्यानें ती चुलींत घातली असेल त्याला केवळ तोंडी शब्दावर भिस्त ठेवणें भाग होतें.

येथूनच या इतिहासाचें एक सूत्र सुरू होतें. कायदा आज होतो, पण तो कालची तारीख ठरवितो. ज्या दिवसाचा पुरावा लागणार असतो तो दिवस सामान्य माणसाच्या दृष्टीनें इतर दिवसांसारखाच येऊन गेलेला असतो. म्हणून कोणता कागद कधीं उपयोगी पडेल हें आधीं कळत नाहीं, आणि जपून ठेवावयाचे तर सारेच जपावे लागतात.

युद्धकाळाचे ते निर्बंध पुढें उठले. दुसरें महायुद्ध जवळ आलें तेव्हां १९३९ सालीं पुन्हां भाडेनियंत्रण आलें. तें महिना ८० रुपयांपर्यंतच्या भाड्याच्या जागांस लागू होतें. १९४४ सालीं अधिक व्यापक कायदा झाला. आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत तो प्रसिद्ध १९४७ चा ‘मुंबई भाडें नियंत्रण कायदा’ संमत होऊन १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. त्यानें प्रमाण भाड्याची तारीख १ सप्टेंबर १९४० ही धरली. मूळ योजना तात्पुरती होती, पण मुदत वाढतां वाढतां हा कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला.

त्या कायद्यांतील दोन कलमें आपल्या विषयाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचीं आहेत. अठराव्या कलमानें मालकास ठरलेल्या भाड्याहून निराळी रक्कम, म्हणजे नजराणा किंवा पागडी, घेण्यास मनाई केली. आणि सव्विसाव्या कलमानें, भाड्यापोटीं मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणें मालकाचें कर्तव्य ठरविलें. न देणें हा गुन्हा झाला. आज आपण भाडेकरूस कागद आणावयास सांगतों. पण आरंभीं कायद्यानें कागद मागितला तो मालकाकडे, आणि तोहि भाडेकरूच्या रक्षणासाठीं. महिन्याची ती लहानशी पावती म्हणजे दुबळ्या बाजूच्या हातीं दिलेली ढाल होती.

याच काळांत फाळणी झाली. सिंधमधून व पंजाबांतून निर्वासित आले. मुंबई बेटाची १९४१ सालची सुमारें १५ लाखांची लोकसंख्या १९५१ मध्यें सुमारें २३ लाखांवर गेली. १९४८ च्या जागा-ताबा कायद्यानें सरकारला रिकाम्या जागा ताब्यांत घेऊन सरकारी नोकरांना अथवा गरजूंना देण्याचा अधिकार मिळाला, आणि जागा रिकामी होतांच तिची वर्दी सरकारला देणें मालकावर बंधनकारक झालें. म्हणजे जागेच्या मागणीचा अर्ज आतां मालकाऐवजीं सरकारी खात्याकडे जाऊं लागला. नोकरीचा दाखला, बदलीचा हुकूम, कुटुंबांतील माणसांची संख्या, हे कागद घर मिळविण्याच्या कामीं महत्त्वाचे ठरूं लागले ते अशा वाटेनें.

याच सुमारास आणखी एक कागद घरांत आला होता. १९४३ सालीं मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें आणि प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका मिळाली. ती धान्यासाठीं होती. पण तिच्यावर पत्ता होता आणि घरांतील प्रत्येकाचें नांव होतें. १९४७ च्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, भाडेकरू मरण पावल्यास त्याच्या मृत्यूच्या वेळीं त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचे हक्क मिळावेत. मग प्रश्न येई, कोण खरोखर सोबत राहात होतें? थोरला मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं, विधवा बहीण घरांत, पुतण्या शिकावयास आलेला. अशा वेळीं न्यायालयापुढें शिधापत्रिका ठेवली जाऊं लागली. तांदूळ-साखरेसाठीं केलेली नोंद वारसाहक्काचा पुरावा ठरली. सूनबाई घरांत आली म्हणजे तिचें नांव शिधापत्रिकेंत चढविण्याची घाई होई, त्यामागें साखरेइतकाच छपराचाहि विचार असे.

जागा सोडावी लागण्याचीं कारणें कायद्यानें मोजून दिलीं होतीं. सहा महिने भाडें थकणें, योग्य कारणावांचून सहा महिने जागा न वापरणें, परस्पर पोटभाडेकरू ठेवणें, मालकास स्वतःसाठीं प्रामाणिक गरज असणें, अशीं तीं कारणें होत. प्रत्येक कारणाला उत्तर म्हणून भाडेकरूंनीं एकेक कागद सांठविला. जागा वापरांत होती हें दाखविण्यास विजेचीं बिलें. भाडें थकलें नाहीं हें दाखविण्यास पावत्या. कधीं मालक मुद्दाम भाडें घेण्याचें नाकारी, म्हणजे सहा महिने उलटतांच थकबाकीचा दावा करतां यावा. अनुभवी शेजारी मग सल्ला देत, ‘मनीऑर्डर करा.’ पैसे स्वीकारले तर पोच मिळे. नाकारले तर ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा मिळे. पैसे परत आले तरी तो शेरा असलेला कागद वर्षानुवर्षें जपला जाई. धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयांत अशा कागदांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे चालले आहेत.

पण याच कायद्यानें एक विपरीत परिणामहि घडविला. भाडें १९४० च्या पातळीवर गोठलें; दुरुस्तीचा खर्च, कर आणि महागाई मात्र वाढत गेली. कित्येक मालकांना सबंध इमारतीचें भाडें घेऊन तिच्या जिन्याची दुरुस्तीहि परवडेना. इमारती मोडकळीस आल्या, कांहीं कोसळल्या, आणि १९६९ सालच्या कायद्यानें सरकारला उपकर घेऊन दुरुस्तीचें मंडळ स्थापावें लागलें. दुसरीकडे, बंदी असूनहि पागडी थांबली नाहीं. ती कागदाबाहेर गेली. सोडून जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई, तींतील हिस्सा मालकास पोंचे, आणि मग पावतीवरचें नांव बदले. पूर्वी केवळ रकमेची पोच असलेली पावती स्वतःच विकाऊ वस्तु बनली. ‘पावती कोणाच्या नांवावर आहे?’ हा मुंबईंत घराविषयीं विचारला जाणारा पहिला प्रश्न झाला.

कायद्यानें तारीख ठरवावी आणि लोकांनीं पेट्या धुंडाळाव्या, हा प्रकार पुढेंहि चालू राहिला. पोटभाडेकरूंचा प्रश्न बिकट झाला तेव्हां १९५९ सालीं, त्या वर्षाच्या २१ मेपर्यंत जागेंत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण देण्यांत आलें. जे त्या दिवशीं तेथें होते त्यांनीं तें सिद्ध करावयाचें होतें. त्यानंतर मालकांनीं नवी वाट काढली. भाडेपट्टा द्यावयाचाच नाहीं. १८८२ सालच्या सुखाधिकार कायद्यांत ‘अनुज्ञप्ति’ म्हणून जी साधी परवानगी सांगितली आहे ती द्यावयाची. राहणारा भाडेकरू नव्हे, केवळ परवानगीनें राहणारा माणूस. हेंच पुढें सर्वांच्या तोंडीं बसलेलें ‘लिव्ह अँड लायसन्स’. कागदाचें शीर्षक बदललें कीं माणसाचा हक्क बदलतो, हें पाहून न्यायालयांनाहि प्रश्न पडला. शीर्षक कांहींहि असो, उभय पक्षांचा खरा हेतु काय होता व जागेचा स्वतंत्र ताबा कोणाकडे होता हें पाहिलें पाहिजे, असा विचार सर्वोच्च न्यायालयानें १९५९ च्या एका निकालांत मांडला.

तरीहि हे करार वाढतच गेले, आणि १९७३ सालीं विधिमंडळानें मोठा घाव घातला. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशीं चालू परवान्यानें जागेंत राहणारे सर्व लोक भाडेकरू मानले जातील, असें कलम कायद्यांत घालण्यांत आलें. एका रात्रींत हजारों कुटुंबांचें छप्पर निश्चित झालें. पण स्वतःचा फ्लॅट दुसऱ्यास देणाऱ्या मध्यमवर्गीय मालकाच्या मनांत कायमची धास्ती बसली. नोकरीनिमित्त परगांवीं गेलेल्या माणसानें फ्लॅट कुलूप लावून ठेवावा, पण कोणास देऊं नये. द्यावयाचाच तर बँकेस किंवा मोठ्या कंपनीस द्यावा. ज्या कायद्यानें आंत असलेल्याला वांचविलें, त्यानेंच बाहेर उभ्या असलेल्याचें दार लोटून घेतलें. आणि बाहेर उभा असलेला माणूस बहुधा शहरांत नव्यानें आलेला, कमी ओळखीचा आणि कमी पैशाचा असे.

अकरा महिन्यांच्या कराराची रूढीहि अशीच भीतीच्या पोटीं बळावली. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावे लागत. म्हणून मुदत वर्षाच्या आंत ठेवावी, नोंदणी टाळावी, आणि अकरा महिने भरतांच नवा कागद करावा. ही रूढी इतकी अंगवळणीं पडली कीं, तिच्या मागचें कारण नाहींसें झालें तरी ती तशीच राहिली.

तें कारण महाराष्ट्रांत नाहींसें झालें २००० सालीं. आधीं १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें असें मत दिलें कीं, १९४० च्या पातळीवर गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अन्यायाचें झालें आहे. त्यानंतर ‘महाराष्ट्र भाडें नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. जुन्या भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढीची मुभा मिळाली. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागेल अशी तरतूद झाली, आणि मालकांची धास्ती कमी झाली.

या कायद्याचें पंचावन्नावें कलम प्रत्येक भाडेकरूनें आणि प्रत्येक मालकानें ध्यानीं ठेवावें असें आहे. भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची, करार लेखीच झाला पाहिजे व तो नोंदविला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. त्यानें ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि याहून मोठी गोष्ट अशी कीं, नोंदलेला करार नसल्यास, ज्या शर्तींवर जागा दिली गेली त्यांविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. एका बाजूच्या वहीपासून सुरू झालेली ही हकीकत येथें दुसऱ्या टोकाला येऊन पोंचली.

अशा करारावर मुद्रांक शुल्क किती, याचीहि लोकांस फार धास्ती असते. वस्तुतः तो आंकडा लहान आहे. एकूण मुदतीचें भाडें आणि अनामत रकमेवर दरसाल शेंकडा दहानें काढलेलें व्याज यांची बेरीज करून तिच्यावर शेंकडा पाव, असा हिशेब अलीकडच्या वर्षांत चालत आला आहे. महिना वीस हजार भाडें, एक वर्ष मुदत आणि एक लाख अनामत धरली, तर भाड्याचे दोन लाख चाळीस हजार व व्याजाचे दहा हजार मिळून अडीच लाख होतात. त्यावर शुल्क येतें सहाशें पंचवीस रुपये. महानगरपालिकेच्या क्षेत्रांत नोंदणीची फी एक हजार रुपये. दलालाच्या मोबदल्याच्या मानानें ही रक्कम नगण्य आहे. शिवाय आतां दुय्यम निबंधकाच्या कचेरींत न जातां, घरींच संगणकापुढें बसून, बोटाचा ठसा आणि छायाचित्र देऊन नोंदणी करतां येते.

या पार्श्वभूमीवर आजचें पुडकें पुन्हां उघडून पाहिलें म्हणजे प्रत्येक कागदाचें कार्य उमगतें. आधार व पॅन सांगतात माणूस कोण. पगाराची चिठ्ठी व बँकेचा उतारा सांगतो भाडें देण्याची ऐपत आहे कीं नाहीं. नोकरीचें पत्र सांगतें शहरांत येण्याचें कारण काय. कायम पत्ता सांगतो जाब विचारावयाचा तर कोठें. हें सारें पूर्वी गांवच्या एका ओळखीच्या माणसाच्या शब्दांत सामावलेलें होतें. पोलीस आयुक्तांच्या हुकुमान्वयें भाडेकरूची माहिती ठाण्यास कळविण्याचें काम मालकाचें आहे. पण भाडेकरूनेंहि मालकाकडे कागद मागावे, हें पुष्कळांना सुचत नाहीं. समोरचा माणूस खरोखर मालक आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं खरेदीखताची सूची क्रमांक दोन, विजेचें चालू बिल, गृहनिर्माण संस्थेचें भाग-प्रमाणपत्र, हे तीन कागद पाहिल्यावांचून अनामत रक्कम देऊं नये. गृहनिर्माण संस्थेसहि मर्यादा आहेत. सभासदानें जागा भाड्यानें दिली म्हणून संस्थेला हवें तितकें बिनभोगवटा शुल्क घेतां येत नाहीं. सेवा शुल्काच्या शेंकडा दहाहून तें अधिक असूं नये, असा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे.

एवढे सगळे कागद जमले तरी एक गोष्ट उरतेच. कोणत्याहि छापील अर्जांत नसलेले प्रश्न दारांत उभें राहून विचारले जातात. आडनांव कोणतें, जात कोणती, धर्म कोणता, घरांत मांसमच्छी शिजते काय, बाई एकटी कां राहते, मुलगा अविवाहित कसा. सर्व कागद तपासून झाल्यावर ‘जागा आतांच दिली’ असें उत्तर येतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागेची जाहिरात पुन्हां दिसते. १९१७ सालच्या बडोद्यांतील सराईची नोंदवही अजून पुरती मिटलेली नाहीं. कायद्यानें मालकाकडून पावती मिळविली, करार मिळविला. मनाचें दार उघडणारा कागद मात्र कोणत्याहि निबंधकाच्या कचेरींत नोंदतां येत नाहीं.

शेवटीं पुन्हां त्या बी. डी. डी. चाळींकडे येऊं. २०१७ सालीं त्यांच्या पुनर्विकासाचा आरंभ झाला. १६० चौरस फुटांच्या खोलींत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचें स्वतःचें घर मिळावयाचें ठरलें. पण पात्र कोण? ज्याचें नांव नोंदींत आहे तो, किंवा ज्याच्या हातीं त्या नांवापासून आपल्या नांवापर्यंतची साखळी आहे तो. मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खालीं आल्या. आजोबांच्या नांवाच्या पावत्या, आजीचें नांव असलेली शिधापत्रिका, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, जुनीं विजेचीं बिलें, पिवळ्या पडलेल्या मनीऑर्डरच्या पोच, हें सारें सतरंजीवर पसरून कुटुंबें बसलीं. महिन्याच्या दहा-वीस रुपयांच्या त्या पावत्या सांठवितांना, त्या एके दिवशीं अशा उपयोगी पडतील हें कोणास ठाऊक नव्हतें. ज्या गृहिणीनें त्या दोऱ्यांत ओवून, फडक्यांत बांधून, पावसाळ्याच्या ओलीपासून वांचवून ठेवल्या, तिचें नांव त्यांतल्या एकाहि पावतीवर नसेल. पण घर राहिलें तें तिच्यामुळें.

म्हणून नवें घर भाड्यानें घेणाऱ्यांनीं एवढें तरी करावें. करार नोंदवून त्याची प्रत घ्यावी. भाडें बँकेमार्फत द्यावें किंवा पावती मागून घ्यावी. अनामत रकमेचा उल्लेख करारांत अक्षरीं आणि आंकडीं करून घ्यावा. जागा सोडतांना किल्ल्या परत दिल्याचें लेखी घ्यावें. आणि हे सर्व कागद घर बदललें तरी टाकून देऊं नयेत. कोणता दिवस पुढें कायद्याची तारीख ठरेल हें आज सांगतां येत नाहीं. पेटींत जागा थोडी लागते. आणि तिच्यांतला एखादा पिवळा कागद पुढच्या पिढीच्या डोक्यावर छप्पर ठेवूं शकतो.